फुप्फुसाभोवतीचे पाणी सोनोग्राफीच्या आधाराने काढताना: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सकाळी रुग्णाला सोनोग्राफी विभागात पाठवायचे, तिथे त्याच्या पाठीवर पेनाने फुली मारून घ्यायची आणि दुपारी तो वॉर्डात परत आला की त्या फुलीवर सुई घालायची, ही पद्धत अनेक रुग्णालयांत अजूनही ‘सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली टॅपिंग’ (टॅपिंग म्हणजे सुईने पाणी काढणे) म्हणून केसपेपरवर नोंदवली जाते. प्रत्यक्षात हे अंदाजानेच केलेले टॅपिंग असते. रुग्णाची बसण्याची पद्धत बदलली की पाणी सरकते, हात वर गेला की पाठीची त्वचा बरगड्यांवरून सरकते आणि आडवे झाल्यावर श्वासपटल, म्हणजे डायफ्रॅम, वर चढते. फुली मात्र त्वचेवर जिथे होती तिथेच राहते. जो डॉक्टर सुई घालणार आहे त्यानेच, रुग्ण ज्या स्थितीत राहणार आहे त्याच स्थितीत आणि सुई घालण्याच्या लगेच आधी पाहिले, तरच सोनोग्राफीचा खरा उपयोग होतो. पुढचे सर्व टप्पे या एका नियमाभोवती रचलेले आहेत.

हा लेख निवासी डॉक्टरांसाठी आणि स्वतः टॅपिंग करणाऱ्या फिजिशियनांसाठी आहे. ज्यांनी हे काम अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली केलेले नाही, त्यांनी केवळ वाचून ते करू नये.

टप्पा १: पाणी आहे का, आणि ते काढायला हवे का

एक्स-रेवर छातीची एक बाजू पांढरी दिसली म्हणजे तिथे पाणीच आहे असे नाही. श्वासनलिका पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असेल तर बहुधा फुप्फुस मिटलेले असते, आणि ती विरुद्ध बाजूला ढकलली गेली असेल तर पाणी असण्याची शक्यता अधिक असते. मिटलेल्या फुप्फुसात सुई घालण्याचे प्रसंग याच साध्या निरीक्षणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येतात.

हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे पाणी असेल, ताप नसेल आणि छातीत दुखत नसेल, तर आधी लघवी वाढवणारी औषधे देऊन काही दिवस वाट पाहणे योग्य ठरते. एका बाजूला पाणी बरेच जास्त असेल, ताप किंवा श्वासाबरोबर दुखणे असेल, किंवा औषधांनी पाणी हलत नसेल, तर मात्र तपासणीसाठी ते काढावे. न्यूमोनियाबरोबर पाणी असेल तर थांबू नये, कारण त्याचा पू व्हायला फार वेळ लागत नाही.

मेंढ्या किंवा कुत्र्यांशी रोजचा संबंध असलेल्या माणसाच्या एक्स-रेवर गोल, रेखीव कडेची सावली दिसली तर ती हायडॅटिड, म्हणजे जंतामुळे झालेली पाण्याने भरलेली गाठ असू शकते. तिला सुई लावल्यास तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका येऊ शकतो. अशा ठिकाणी सीटी स्कॅन आधी, सुईचा विचार नंतर.

तपासून पाहा: एक्स-रेवरील बाजू, स्टेथोस्कोपने कळलेली बाजू आणि सोनोग्राफीत दिसणारी बाजू या तिन्ही जुळतात का? त्यातली एक जरी जुळत नसेल तरी पुढे जाऊ नये. एक्स-रे उलटा लावला जाणे हा विनोदाचा विषय वाटतो, पण चुकीच्या बाजूला टॅपिंग होण्याचे ते एक खरे कारण आहे.

टप्पा २: रुग्णाची तयारी

आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) १.५ पेक्षा कमी आणि प्लेटलेट ५०,००० पेक्षा जास्त, हे आकडे बहुतेक विभागांत पाळले जातात. ते सावधगिरीचे आकडे आहेत, त्यांच्यापलीकडे गेलेल्या रुग्णाला हात लावायचाच नाही असा त्यांचा अर्थ नाही. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या अमेरिकी संघटनेने २०१९ साली या प्रक्रियेला कमी रक्तस्रावाच्या गटात ठेवले आणि आयएनआर २ ते ३ पर्यंत व प्लेटलेट २०,००० पर्यंत मोकळीक दिली. म्हणून यकृताच्या रुग्णाला केवळ आयएनआर सुधारण्यासाठी एफएफपीच्या (गोठवलेल्या प्लाझ्माच्या) पिशव्या देत बसू नये. त्यातून रक्तस्रावाचा धोका कमी होण्यापेक्षा शरीरात जास्तीचे पाणी साचण्याचा धोकाच वाढतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात मात्र उलटे असते. प्लेटलेटची संख्या चांगली असूनही त्यांचे काम बिघडलेले असते, त्यामुळे तिथे आकड्यांवर विसंबू नये.

अ‍ॅस्पिरिन बंद करण्याची गरज नसते. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या चालू असतील आणि घाई नसेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून त्या थांबवाव्यात. नुकताच स्टेंट घातलेल्या रुग्णाची गोळी आपल्या अधिकारात बंद करणे हे टॅपिंगपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

संमती घेताना रुग्णाच्या मनातला प्रश्न ओळखून बोलावे. ‘फुप्फुसात पाणी झालंय’ असेच सगळे म्हणतात, त्यामुळे सुई फुप्फुसात जाणार असे रुग्णाला वाटत असते. पाणी फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये आहे आणि सुई तिथेच थांबणार आहे, हे हाताने दाखवून सांगितले की भीती बरीच उतरते. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा शिरणे), रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पुन्हा टॅपिंग करावे लागण्याची शक्यता या चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. शेवटी एक सूचना द्यावी आणि ती रुग्णाकडून वदवून घ्यावी: खोकला येईलसे वाटले तर हलायचे नाही, आधी तोंडाने सांगायचे.

उपाशी ठेवण्याची गरज नाही. उपाशी आणि घाबरलेला रुग्ण बसल्या जागी चक्कर येऊन कोसळण्याची शक्यता जास्त असते. शिरेत सलाइनची सुई लावून ठेवावी आणि रक्तदाब, नाडी व ऑक्सिजनचे प्रमाण नोंदवावे.

मशीनबद्दलही एक खात्री करून घ्यावी. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची, ते जिथे वापरायचे त्या जागेची आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरची नोंद लागते. नोंदणीबाहेरच्या जागेत किंवा नोंदणीत नाव नसलेल्या डॉक्टरने मशीन वापरल्यास वैद्यकीय हेतू कितीही शुद्ध असला तरी अडचण येते. वॉर्डासाठी ही नोंद करून घेण्याचा कागदी खटाटोप विभागाने एकदाच केला की ‘मशीन खाली आहे म्हणून मार्किंग खाली’ ही सबब संपते.

टप्पा ३: ट्रॉली मांडणे

पुढील सामान सुई हातात घेण्याआधी समोर हवे.

- निर्जंतुक हातमोजे, गाऊन, मास्क, होल टॉवेल, क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीन
- १० मिलीची सिरिंज, २५ नंबरची बारीक सुई आणि भूल खोलवर देण्यासाठी २१ किंवा २२ नंबरची लांब सुई
- पाणी जास्त काढायचे असल्यास प्लास्टिकची नळी असलेली सुई, शक्यतो या कामासाठीच बनवलेला कॅथेटर सेट
- ५० मिलीची सिरिंज, थ्री-वे (तीन वाटांची तोटी), जोडनळी आणि मोजखुणा असलेली पिशवी किंवा बाटली
- प्लेन, ईडीटीए आणि फ्लोराइड बल्ब (नमुन्यांच्या नळ्या), निर्जंतुक डब्या, ब्लड कल्चरच्या बाटल्या, हेपॅरिन लावलेली एबीजी (रक्तातील वायू तपासण्याची) सिरिंज
- ऑक्सिजन, अ‍ॅट्रोपिन, आणि हाताशी असलेला आयसीडी (छातीत घालून ठेवायची निचऱ्याची नळी) सेट

कॅथेटर सेट नसल्यास अनेक ठिकाणी १६ नंबरची साधी इंट्राकॅथ वापरली जाते. तिची लांबी साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर असते. बारीक रुग्णात ती पुरते, पण जाड छातीच्या रुग्णात ती पाण्यापर्यंत पोचतच नाही किंवा जेमतेम पोचून पहिल्या खोकल्याला बाहेर येते. म्हणून कोणती सुई घ्यायची याचा निर्णय सोनोग्राफीवर खोली मोजल्यानंतरच करावा.

थ्री-वे आधी सलाइनने फिरवून पाहावा. प्रचलित बनावटीत मूठ ज्या दिशेला असते ती वाट बंद असते, पण काही थ्री-वेंवर उलटी खूण असते. छातीला नळी जोडल्यावर हा शोध लावणे म्हणजे हवा आत घेण्याला निमंत्रण देणे होय.

टप्पा ४: रुग्णाला बसवणे

रुग्णाला खाटेच्या कडेला बसवावे, पायांखाली स्टूल द्यावे, पुढे कार्डिअ‍ॅक टेबलवर उशी ठेवावी आणि तिच्यावर हातांची घडी घालून त्याला डोके टेकवू द्यावे. टेबलाची चाके लॉक करावीत. समोरून एक सिस्टर किंवा वॉर्डबॉय उभा असावा. रुग्ण पुढे कोलमडला तर पाठीमागे उभा असलेला डॉक्टर त्याला सावरू शकत नाही.

फार दम लागलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरील रुग्णाला बसवण्याचा हट्ट धरू नये. डोक्याकडची बाजू उंच करून, त्या बाजूचा हात डोक्यामागे ठेवून, काखेच्या मधल्या रेषेत जागा शोधता येते. मात्र एकदा ठरवलेली स्थिती शेवटपर्यंत बदलायची नाही. खूण केल्यानंतर रुग्ण पाणी प्यायला वळला, लघवीला उठून आला किंवा हात खाली घेऊन पुन्हा वर नेला, तर ती खूण रद्द समजावी आणि प्रोब (सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग) पुन्हा लावावा.

टप्पा ५: सोनोग्राफी

या टप्प्याला बाकी सगळ्या टप्प्यांपेक्षा जास्त वेळ द्यावा. रुग्णाला सहसा घाई नसते. घाई असते ती राऊंडच्या आत टॅपिंग उरकू पाहणाऱ्या डॉक्टरला.

२ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब घ्यावा, त्याची खूण रुग्णाच्या डोक्याकडे ठेवावी आणि पाठीवर मागच्या बाजूने सुरुवात करून काखेपर्यंत यावे. पाणी शोधण्याआधी श्वासपटल शोधावे. पडद्यावर काळा भाग दिसताच ‘मिळाले पाणी’ म्हणून खूण करणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, कारण पोटात पाणी झालेल्या रुग्णात श्वासपटलाच्या खालीही तसाच काळा भाग दिसतो, आणि यकृतातला मोठा गळूही उजव्या बाजूला तसाच फसवतो.

क्रम असा ठेवावा. आधी यकृत किंवा प्लीहा ओळखावी, मग तिच्या शेजारचे मूत्रपिंड. त्यांच्या वर, डोक्याच्या दिशेने, श्वासाबरोबर हलणारी चकाकती वक्र रेषा म्हणजे श्वासपटल. तिच्या वर काळा भाग आणि त्यात तरंगणारे, श्वासाबरोबर हेलकावे खाणारे फुप्फुसाचे टोक दिसले पाहिजे. पाणी असेल तर श्वासपटलाच्या वरही मणक्याची रेषा पुढे चालू दिसते. हवेने भरलेले फुप्फुस ती रेषा झाकते, पाणी झाकत नाही.

यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फटही चकाकती आणि वक्र असते. नवशिक्याला ती श्वासपटलासारखी दिसते. मग तिच्या वरचे यकृत त्याला ‘घट्ट झालेले फुप्फुस’ वाटते आणि खूण पडते ती थेट यकृतावर. डाव्या बाजूला अशीच गफलत प्लीहेबाबत होते. त्यामुळे एक वक्र रेषा दिसली की तिथे थांबू नये. प्रोब आणखी वर सरकवून तिच्या वर दुसरी वक्र रेषा आहे का ते पाहावे. खरे श्वासपटल ते, ज्याच्या वर फुप्फुस आहे.

यानंतर पाण्याचे स्वरूप पाहावे. पूर्ण काळे दिसणारे पाणी साधे असू शकते किंवा टीबीचेही असू शकते, केवळ रंगावरून प्रकार ठरवू नये. कण फिरताना दिसले, जाळे दिसले किंवा सगळे पाणी राखाडी दिसले, तर ते बहुधा पू, रक्त किंवा जुना दाह आहे. दाट जाळे असेल तर एका सुईने पाणी पूर्ण निघणार नाही, आणि हे रुग्णाला व नातेवाइकांना आधी सांगितलेले बरे. नंतर सांगितले की ती सबब वाटते.

शेवटी तीन मापे घ्यावीत: त्वचेपासून पाण्यापर्यंतची खोली, पाण्याच्या थराची जाडी, आणि जोरात श्वास सोडताना श्वासपटल किती वर येते. थर श्वासाच्या संपूर्ण चक्रात १ सेंटिमीटरपेक्षा जास्त हवा, व्हेंटिलेटरवरील रुग्णात दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेला बरा. प्रोब दाबून धरला तर त्वचेपासूनची खोली कमी दिसते. जाड किंवा सूज असलेल्या पाठीवर हा फरक एक सेंटिमीटरपर्यंतही जाऊ शकतो, म्हणून माप घेताना हात हलका ठेवावा.

तपासून पाहा: टॅपिंगच्या आधीच फुप्फुसाची सरकती रेषा (श्वासाबरोबर आवरणाचे पदर एकमेकांवरून सरकताना दिसणारी) छातीच्या पुढच्या भागात दिसते का, हे पाहून नोंदवावे. आधी ती दिसत होती याची नोंद असेल, तरच नंतर ती नाहीशी झाली याला अर्थ राहतो.

टप्पा ६: जागा निवडणे आणि खूण करणे

धमनी आणि नस बरगडीच्या खालच्या कडेच्या खाचेत असतात, म्हणून सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालावी, हे सर्वांना पाठ असते. पण मणक्यापासून पहिल्या ६ सेंटिमीटरपर्यंत धमनी त्या खाचेत लपलेली नसते, दोन बरगड्यांमधल्या मोकळ्या जागेत उघडी असते आणि म्हाताऱ्या माणसात ती वेडीवाकडीही असते. म्हणून मणक्यापासून निदान १० सेंटिमीटर बाजूला यावे. पाणी मागे सर्वांत जास्त दिसते म्हणून मणक्याजवळ टोचण्याचा मोह होतो. थर थोडा पातळ असला तरी बाजूची जागाच निवडावी.

निवडलेल्या जागी सरळ (लिनियर) प्रोब लावून कलर डॉप्लरने धमनी पाहून घ्यावी. त्यासाठी डॉप्लरची वेगमर्यादा कमी ठेवावी लागते, नाहीतर धमनी असूनही रंग दिसत नाही.

पेनाची खूण जेल आणि आयोडीनने पुसली जाते. त्याऐवजी सुईच्या टोपणाचे उघडे तोंड त्वचेवर क्षणभर दाबावे. उमटलेले गोल वर्तुळ काही मिनिटे टिकते. खूण करताना प्रोब त्वचेशी कोणत्या कोनात होता, तो कोन लक्षात ठेवावा. सुई त्याच कोनात गेली पाहिजे.

खबरदारी: थर पातळ असेल, पाणी कप्प्यांत अडकलेले असेल किंवा रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल, तर खूण करून नंतर टोचणे पुरेसे नाही. प्रोबला निर्जंतुक आवरण घालून सुईचे टोक पडद्यावर सतत पाहत जावे. टोक दिसेनासे झाले की हात थांबवावा.

टप्पा ७: भूल

बहुतेक वॉर्डांत लिग्नोकेनची २ टक्क्यांचीच कुपी असते, म्हणजे दर मिलीत २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनलिनशिवाय दर किलोला ३ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरली, तर टीबीने खंगलेल्या ४० किलोच्या रुग्णाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त ६ मिलीच देता येतात. सवयीने १० मिली भरणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ५ मिलीत तितकेच सलाइन मिसळून १ टक्क्याचे १० मिली करून घेतले की भूलही पुरते आणि मर्यादाही सांभाळली जाते.

बारीक सुईने त्वचेवर फुगवटा आणावा. मग लांब सुईने बरगडीच्या वरच्या कडेला टेकून, कडेवरून सरकत, प्रत्येक पावलाला आधी मागे ओढून आणि मग औषध सोडून पुढे जावे. सर्वांत जास्त दुखते ते बरगडीचे आवरण आणि फुप्फुसाचे बाहेरचे आवरण, म्हणून औषधाचा मोठा भाग तिथे द्यावा. सिरिंजमध्ये पाणी आले की सुई किती आत गेली आहे ते बोटाने धरून मोजावे आणि सोनोग्राफीवरील खोलीशी ताडून पाहावे.

थांबण्याची पहिली जागा: भुलीच्या सुईत पाणी आले नाही, तर मोठी सुई घालायची नाही. सुई बाहेर काढावी, प्रोब पुन्हा लावावा, जागा, कोन आणि खोली पुन्हा तपासावी. त्याच छिद्रातून सुई इकडेतिकडे फिरवत पाणी शोधणे हे फुप्फुस टोचले जाण्याचे नेहमीचे कारण आहे. हवा आली तर सुई फुप्फुसात आहे किंवा जोड ढिला आहे. दोन्ही बाबतींत बाहेर यावे.

टप्पा ८: कॅथेटर आत घालणे

फक्त तपासणीसाठी पाणी हवे असेल तर कॅथेटरची गरज नसते. भुलीची सिरिंज बदलून २१ नंबरच्या सुईने ५० मिली काढले की काम होते.

जास्त पाणी काढायचे असल्यास त्याच जागी, त्याच कोनात, सतत हलके मागे ओढत कॅथेटरची सुई पुढे न्यावी. पाणी दिसले की आणखी अर्धा सेंटिमीटर जावे, पोलादी सुई तिथेच स्थिर धरावी आणि प्लास्टिकची नळी तिच्यावरून पुढे सरकवावी. मग रुग्णाला हळू श्वास सोडायला सांगून सुई काढावी आणि नळीच्या तोंडावर लगेच अंगठा ठेवावा. श्वास आत घेताना छातीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो; तोंड उघडे राहिले तर हवा आत शिरते.

खबरदारी: एकदा मागे घेतलेली पोलादी सुई छातीतल्या नळीत पुन्हा घालू नये. तिच्या टोकाने नळी कापली जाऊन तुकडा आत राहू शकतो. नळी सरकत नसेल तर दोन्ही एकत्र बाहेर काढावीत.

टप्पा ९: पाणी काढणे आणि कधी थांबावे

जोडनळी गुरुत्वाकर्षणाने पिशवीत सोडावी किंवा थ्री-वे लावून ५० मिलीच्या सिरिंजने हळूहळू ओढावे. भिंतीवरचे सक्शन कधीही लावू नये. एका वेळी १ ते दीड लिटरची मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळली जाते, आणि हाताशी दाब मोजण्याचे साधन नसेल तर तीच पाळावी.

परंतु रुग्णाची तक्रार लिटरच्या आकड्याच्या आधी येते. थोडा खोकला ठीक आहे, कारण मिटलेले फुप्फुस उघडत असते. छातीत पुढच्या बाजूला आवळल्यासारखे वाटणे, न थांबणारा खोकला, दम वाढणे किंवा ऑक्सिजनचे प्रमाण घसरणे, यांपैकी काहीही झाले तर ४०० मिलीवरही थांबावे. ‘आणखी थोडेच राहिले आहे’ हे कारण चालत नाही. बरेच दिवस मिटून राहिलेले फुप्फुस झपाट्याने उघडले की त्यातच पाणी भरते. सहसा पहिल्या एक-दोन तासांत दम, खोकला आणि फेसाळ गुलाबी थुंकी दिसते. ते हाताळायला ऑक्सिजन, बसती स्थिती आणि गरज पडल्यास सीपॅप (मास्कमधून दाबाने दिलेली हवा) लागतो.

रुग्ण पांढरा पडून घामाघूम झाला आणि नाडी मंदावली, तर वाट बंद करावी, कॅथेटर सांभाळून त्याला कुशीवर आडवे करावे, पाय उंच करावेत. नाडी सुधारली नाही तर अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून द्यावे.

लाल पाणी आले तर थोडे गॉजवर किंवा प्लेन बल्बमध्ये ठेवून पाहावे. आधीपासून छातीत असलेले रक्त सहसा गोठत नाही. ते गोठले तर आपण नुकतीच शीर टोचली आहे असे धरून थांबावे, रक्तगट पाठवावा आणि वरिष्ठांना बोलवावे. पू आला तर नमुने घ्यावेत आणि आयसीडीची तयारी करावी, सुईने पू उपसत बसू नये.

टप्पा १०: नमुने

पाणी काढण्याइतकीच चूक ते पाठवण्यात होते, आणि मग रिपोर्ट अर्धवट आला म्हणून रुग्णाला दुसऱ्यांदा टोचले जाते.

पेशींची मोजणी ईडीटीए बल्बमध्ये, साखर फ्लोराइड बल्बमध्ये, प्रथिने आणि एलडीएच (पेशींमधले एक विकर) प्लेन बल्बमध्ये पाठवावे. पाणी दाहाचे आहे का हे ठरवणारे लाइटचे निकष लावायचे तर त्याच वेळचे रक्तातले प्रथिन आणि एलडीएचही हवे. रक्ताचा नमुना पाठवायचा राहून गेला, तर पाण्याचे निम्मे आकडे निरुपयोगी ठरतात. पाण्यातील आणि रक्तातील प्रथिनांचे गुणोत्तर ०.५ पेक्षा जास्त, एलडीएचचे ०.६ पेक्षा जास्त, किंवा पाण्यातले एलडीएच रक्तातील कमाल सामान्य पातळीच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त, यांपैकी एक जरी निकष लागू झाला तरी पाणी दाहाचे, म्हणजे एक्झुडेट समजतात. लघवीच्या औषधांवर असलेल्या हृदयरुग्णात हे निकष फसवतात. तिथे रक्त आणि पाण्यातील अल्ब्युमिनचा फरक दर डेसिलिटरला १.२ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दाह नसण्याची शक्यता अधिक.

न्यूमोनियातील पाण्याचा पीएच एबीजी सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न ठेवता, लगेच पाठवावा. सिरिंजमध्ये लिग्नोकेन राहिले तर पीएच खोटा कमी येतो, हवा राहिली तर खोटा जास्त. ७.२ च्या खाली असेल तर बहुधा आयसीडी लागतो. उघड पू एबीजी मशीनमध्ये घालू नये. निदान झालेलेच असते, मशीन मात्र बंद पडते. कल्चरसाठी थोडे पाणी खाटेशेजारीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घालावे, जंतू सापडण्याची शक्यता वाढते. कर्करोगाच्या पेशींसाठी निदान २५ ते ५० मिली पाठवावे.

आपल्याकडे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए हे विकर ४० च्या वर असेल तर टीबी बहुधा असतो, पण पू आणि काही लिम्फोमांतही एडीए वाढते. उलट बाजूने, पाण्यातील सीबीनॅट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आले म्हणून टीबी नाही असे लिहू नये. फुप्फुसावरणाच्या टीबीत ही तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. टीबीचे निदान झाले की निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणे बंधनकारक आहे.

प्रत्येक बल्बवर नाव, वेळ आणि बाजू खाटेशेजारीच लिहावी, ट्रॉली हलवल्यानंतर नाही.

टप्पा ११: बाहेर येणे आणि पुढचा तास

थ्री-वे बंद करावा. रुग्णाला श्वास सोडत ‘ऊं’ असा आवाज काढायला सांगावे आणि तो आवाज चालू असताना नळी एका हालचालीत काढून गॉजने दाबावे, वर डायनाप्लास्टची चिकटपट्टी लावावी. सुया पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकाव्यात.

लगेच प्रोब पुन्हा लावून फुप्फुसाची सरकती रेषा पाहावी. एकाच प्रयत्नात पाणी मिळाले, हवा आली नाही, रुग्णाला त्रास नाही आणि रेषा आधीसारखी सरकते आहे, तर एक्स-रे दरवेळी काढण्याची गरज नाही. एकापेक्षा जास्त वेळा टोचावे लागले, हवा आली, नवे दुखणे किंवा दम सुरू झाला, किंवा रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर एक्स-रे काढावाच.

पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वासाची गती आणि ऑक्सिजनचे प्रमाण पाहावे. नाडी हळूहळू वाढत गेली आणि रुग्ण फिकट दिसू लागला, तर टोचलेली जागा कोरडी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. फाटलेल्या धमनीचे रक्त आत, छातीच्या पोकळीत साचते. अशा वेळी प्रोब लावावा, पाणी काढलेल्या जागी पुन्हा राखाडी, भोवरे घेणारा द्रव दिसतो का ते पाहावे आणि हिमोग्लोबिन पाठवून शल्यचिकित्सकांना कळवावे.

केसपेपरवर बाजू, बरगड्यांमधली जागा, मोजलेली खोली, किती वेळा टोचले, पाण्याचा रंग आणि प्रमाण, पाठवलेले नमुने, थांबण्याचे कारण आणि नंतरच्या सोनोग्राफीत काय दिसले हे लिहावे. बाह्यरुग्ण असेल तर घरी जाताना त्याला आणि सोबतच्या माणसाला सांगावे की रात्री दम वाढला, छातीत अचानक दुखू लागले किंवा थुंकीत रक्त आले तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टीत यावे, आणि आज कोणत्या बाजूचे पाणी काढले ते तिथल्या डॉक्टरला आधी सांगावे.